शिकणारा हात आणि रुग्णाचा डोळा

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेने मला आज व्यासपीठावर बसवले, याचा आनंद शब्दांत सांगता येण्यासारखा नाही. मी वक्ता नव्हे. डोळ्यांचा डॉक्टर आहे. म्हणून माझ्या कामाविषयीच चार गोष्टी सांगेन.

विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. मागच्या वर्षी याच मेळाव्यात चहाच्या वेळी एका पालकांनी मला बाजूला घेतले व विचारले, "डॉक्टरसाहेब, खरे सांगा. मोठ्या दवाखान्यांतून शिकाऊ डॉक्टर आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांवर हात बसवून घेतात म्हणतात. हे खरे का?" त्यांच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि केवळ या भीतीने त्यांनी दोन वर्षे ऑपरेशन लांबवले होते. मी त्यांना घाईत काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर मलाच पटले नाही. आज त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

त्याचा पहिला भाग मी लगेच सांगून टाकतो. होय, हे खरे आहे. डॉक्टर माणसांवरच शिकतो. आज ज्याच्या नावाने लोक लांबून येतात, त्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने आयुष्यात पहिला डोळा कधीतरी उघडलाच आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्या दिवसापूर्वी त्याने काय शिकले होते, त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे होते, आणि चूक झाली तर त्याने काय केले.

दर्ज्याच्या दुकानातील धडा

माझे अब्बा शिंपीकाम करीत. येथील जुन्या मंडळींना आमचे दुकान आठवत असेल. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसत असे. नवा पोरगा कामाला आला, की अब्बा त्याच्या हातात कात्री देत नसत. आधी काज-बटण, मग तुरपाई, मग सरळ टीप, मग बाही जोडणे. कापड बेतण्याचे काम अगदी शेवटी. ते म्हणत, "टीप उसवता येते, बेटा. कापलेलं कापड जोडता येत नाही."

पुढे मी नेत्रशल्यशास्त्र शिकू लागलो तेव्हा पाहतो तो काय, तेथेही तीच रीत! मोतीबिंदूचे ऑपरेशन हे दहा-बारा पायऱ्यांचे काम आहे. शिकणाऱ्याला या पायऱ्या बहुधा शेवटाकडून शिकवतात. सुरुवातीचे धोक्याचे काम वरिष्ठ करतात व शेवटची सोपी पायरी शिकाऊ डॉक्टरला देतात. ती जमली की तिच्या आधीची. अशा रीतीने बऱ्याच दिवसांनी तो पहिल्या पायरीपर्यंत पोहोचतो व मगच संपूर्ण ऑपरेशन त्याच्या हाती येते, तेही वरिष्ठांच्या देखरेखीखाली. चांगल्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर एकटा नसतो.

मोतीबिंदू म्हणजे काय?

येथे थोडे शास्त्र सांगतो. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते साधारण मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, पण त्याहून मोठे, सुमारे नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे. वयोमानाने, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा काही औषधांनी ते गढूळ होते. हाच मोतीबिंदू. डोळ्यावर कसलाही पडदा येत नाही आणि थेंब टाकून हा गढूळपणा जात नाही. तसे सांगून औषध विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गढूळ भिंग काढणे हाच उपाय.

हे भिंग एका पातळ पिशवीत असते. पिशवीच्या मागच्या पापुद्र्याची जाडी मध्यभागी अवघी चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले चार. डोक्याचा केस याहून कितीतरी पट जाड असतो. ही पिशवी बारीक तंतूंनी चहूबाजूंनी टांगलेली असते. पिशवीचा पुढचा भाग गोल उघडायचा, आतला गढूळ गर व कठीण गाभा काढायचा, मागचा पापुद्रा मात्र शाबूत ठेवायचा आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे, असे हे ऑपरेशन आहे. त्या चार मायक्रॉनच्या पापुद्र्याला धक्का न लावणे, यात आमची निम्मी विद्या सामावली आहे.

विद्येची वाट

ही विद्या एका दिवसात किंवा एका देशात तयार झालेली नाही. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. पुढे शतकानुशतके सुईने गढूळ भिंग बाजूला ढकलण्याची रीत अनेक देशांत चालत होती. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी मोसूल गावचा अम्मार इब्न अली हा नेत्रवैद्य कैरो येथे होऊन गेला. त्याने पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची क्रिया लिहून ठेवली आहे. आज यंत्राने आम्ही गर शोषून घेतो, तेव्हा मला त्या पोकळ सुईची आठवण होते.

आता विद्यार्थ्यांनी जरा लक्ष द्यावे. दुसऱ्या महायुद्धात काही इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, तुकडे शिरले. ते तुकडे डोळ्याने निमूटपणे सहन केले, हे लंडनच्या हॅरल्ड रिडले या डॉक्टरांनी पाहिले होते. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहत असलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ हळहळ व्यक्त केली, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवता येत नाही. त्या बोलण्याने रिडलेंच्या विचाराला चालना मिळाली आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी या कामाचा प्रारंभ केला. पहिल्या रुग्णाच्या बाबतीत भिंगाच्या शक्तीचा हिशेब चुकला व त्याला मोठ्या नंबरचा चष्मा लागला. थोरामोठ्यांनी विरोध केला. पण रिडलेंनी काम सोडले नाही आणि आपले निकाल, चांगले-वाईट, जगापुढे ठेवले. 2000 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही पुढे असेच भिंग बसवले गेले होते! एका विद्यार्थ्याचे साधे बोलणे कोठवर पोहोचले पाहा. वर्गात प्रश्न विचारायला लाजू नका.

मी शिकायला लागलो तेव्हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिशवीसकट भिंग काढीत. अर्धा डोळा उघडावा लागे, टाके पडत, रुग्णाला दिवसचे दिवस न हलता पडून राहावे लागे आणि नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा जन्मभर वापरावा लागे. आपल्या आजोबा-आजींचे असे चष्मे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. मग पिशवी ठेवून भिंग बसवण्याची पद्धत आली. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्रही होता, मोतीबिंदूच्या अंधत्वाविरुद्ध मोठी योजना राबवली गेली आणि भिंग बसवण्याचे शिक्षण सरकारी डॉक्टरांपर्यंत पोहोचले. त्यानंतर सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून, तिरका बोगदा करून, बिनटाक्याचे ऑपरेशन आम्ही शिकलो. त्या बोगद्याचे तोंड आतल्या दाबानेच मिटते. आणि मग फेको. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांना दाताच्या डॉक्टरकडे गेले असता, दात साफ करणाऱ्या कंपनयंत्रावरून ही कल्पना सुचली. 1967 पासून त्यांनी ती माणसांत वापरली. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून सूक्ष्म कंपनांनी गाभा फोडून शोषून घ्यायचा व घडी घातलेले भिंग आत सोडायचे.

मी फेको शिकायला बसलो तेव्हा चाळिशी जवळ आली होती. शेकडो ऑपरेशने केलेला मी, पुन्हा बालवर्गात गेलो. पायाखालच्या पेडलवर ताबा येईना. शिकवणारा डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होता. पण विद्या घ्यायची तर वयाचा मान दाराबाहेर ठेवावा लागतो, हे मी तेथे शिकलो.

हात कसा बसतो?

माणसाच्या डोळ्याला हात लावण्यापूर्वी हात बसवण्याची अनेक साधने आहेत. आम्ही बकऱ्याच्या डोळ्यांवर शिकलो. पहाटे मोहल्ल्यातल्या मटणाच्या दुकानावर जाऊन मी डबा भरून डोळे आणीत असे. दुकानदार चाचा पैसे घेत नसत. म्हणत, "शिक बाबा, उद्या माझाच डोळा तुझ्यापुढे येईल." त्या डोळ्यांवर छेद घेणे, टाके घालणे, बोगदा करणे हे तासन् तास केले. टाका पुरेसा घट्ट नसेल तर पाणी झिरपते, फार घट्ट असेल तर बुबुळाची गोलाई बिघडते. शिवणकाम पाहिलेल्या मुलाला हे लवकर समजते.

पण बकऱ्याच्या डोळ्याचेही दोष आहेत. त्याच्या भिंगाची पिशवी जाड व रबरासारखी ताणली जाणारी, आणि गाभा मऊ. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात याच्या नेमके उलट असते. म्हणून पिशवी गोल उघडण्याचा सराव टोमॅटोच्या सालीवर करतात, आणि गाभा कडक व्हावा म्हणून बकऱ्याच्या भिंगात फॉर्मॅलिन टोचतात. आता तर सिम्युलेटर नावाची यंत्रे आली आहेत. त्यांत कृत्रिम डोळ्यावर चूक करता येते आणि ती चूक यंत्र गुणांसह दाखवून देते. वैमानिक जमिनीवरच विमान चालवायला शिकतो, तसेच हे.

आणखी एक साधन सांगतो, ते सर्वांत कडू. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून आपल्याच ऑपरेशनचे चित्रण करायचे आणि संध्याकाळी ते पाहायचे. हात किती वेळा उगीच आत-बाहेर झाला, पिशवी उघडताना कड कोठे बाहेर धावत होती, सारे दिसते. आरशात आपला चेहरा सर्वांना आवडतो, पण या आरशात पाहणे कठीण जाते. जो पाहतो तो सुधारतो.

हातांविषयी एक गैरसमज आहे, की शल्यचिकित्सकाची बोटे जन्मतःच निराळी असतात. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटे तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली होती. त्यांनी त्याच बोटांत हत्यार धरण्याचा सराव केला, हजारोंना दृष्टी दिली आणि 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ते पुढे जगप्रसिद्ध झाले.

अवघड डोळे

आता अवघड रुग्णांविषयी. ऑपरेशनमधली निम्मी अडचण टेबलावर नव्हे, तर तपासणीच्या खोलीत ओळखायची असते. ती आधी ओळखली तर तयारी करता येते. टेबलावर कळली तर धावपळ होते.

पहिला प्रकार पांढऱ्या, फुगलेल्या मोतीबिंदूचा. पिशवीच्या आत दाब वाढलेला असतो आणि मागून परावर्तित होणारा तांबूस प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पारदर्शक पिशवी दिसतच नाही. त्यासाठी ट्रायपॅन ब्ल्यू नावाच्या निळ्या रंगाने ती रंगवतात. तरीही बेसावधपणे टोचले, तर आतल्या दाबाने पिशवी दोन्ही बाजूंना फाटत जाते आणि निळा-पांढरा-निळा असा देखावा दिसतो. आमचे लोक त्याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात! नाव गमतीचे, पण तो झेंडा कोणाही डॉक्टरला बघायचा नसतो. त्यावर उपाय असा, की डोळ्यात दाट जेली भरून बाहेरून दाब द्यायचा, बारीक सुईने आतले दुधाळ पाणी आधी काढायचे व छोट्या गोलाने सुरुवात करायची.

दुसरा प्रकार तपकिरी, काळपट, दगडासारख्या गाभ्याचा. "पिकू द्या" म्हणून वर्षानुवर्षे थांबलेल्या रुग्णांत हा आढळतो. असा गाभा फोडायला फेकोची शक्ती फार लागते, आणि त्या उष्णतेने व धक्क्यांनी बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा वेळी मोठ्या छेदाचे, यंत्राविना करायचे ऑपरेशन अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. यंत्र आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे असे नाही. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचा काळ गेला, हेही पालकांनी येथे लक्षात घ्यावे. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की दाखवावे.

तिसरा प्रकार बाहुली मोठी न होणाऱ्या डोळ्यांचा. काहींच्या बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा भुगा दिसतो. त्यांची बाहुली लहान राहते आणि पिशवीला टांगणारे तंतूही कमजोर असतात. तेथे बाहुली धरून ठेवायला छोटे आकडे आणि पिशवीला आधार द्यायला एक कडी वापरतात. काहींच्या बाबतीत कारण निराळेच असते. पुरुषांना उतारवयात लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी देतात. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीचा पडदा सैल कापडासारखा फडफडतो, हे 2005 साली प्रसिद्ध झाले. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम राहू शकतो.

माझ्या अब्बांनीच ही गोळी माझ्यापासून लपवली होती. मुलाला असला त्रास कसा सांगायचा, हा संकोच! घरच्या माणसाच्या डोळ्याला मी हात लावत नाही, म्हणून त्यांना माझ्या सहकाऱ्यांकडे पाठवले. त्यांनी एकांतात नेटाने विचारले तेव्हा खरे बाहेर आले. तयारी ठेवून ऑपरेशन झाले व डोळा उत्तम राहिला. म्हणून सांगतो, डोळ्याच्या डॉक्टरला सर्व सांगा: कोणत्या गोळ्या चालू आहेत, मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा खोकला आहे का, पूर्वी डोळ्याला मार लागला होता का, उताणे झोपता येते का. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपण होऊन बंद करू नका.

बांगड्यावाल्या खाला

आता जे सांगणार आहे, ते सांगावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. पण मागच्या वर्षीच्या त्या प्रश्नाचे उत्तर याशिवाय पुरे होत नाही.

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात होतो. एक विधवा बाई माझ्या वाट्याला आल्या. बांगड्या भरण्याचा त्यांचा धंदा. गल्लोगल्ली हिंडून मुलींच्या हातांत बांगड्या चढवीत. आम्ही सर्व त्यांना खाला म्हणत होतो. गाभा नीट निघाला. उरलेला मऊ गर शोषून घेताना माझ्या नळीच्या तोंडात मागचा पापुद्रा ओढला गेला व फाटला. फाटल्याचे मला त्याच क्षणी कळले. वरिष्ठ डॉक्टर शेजारच्याच टेबलावर होते. नुसती हाक मारायची होती.

मी हाक मारली नाही. लाज वाटली. वाटले, एवढा गर काढून टाकू, कोणाला कळणार नाही. पापुद्रा फाटला की मागचा काचेसारखा चिकट गर, ज्याला व्हिट्रिअस म्हणतात, पुढे येतो. तो मागे दृष्टिपटलाला चिकटलेला असतो. तो ओढला की पटल ओढले जाते. अशा वेळचा नियम साधा आहे: थांबा. हत्यार एकदम बाहेर काढू नका, आधी आत जेली सोडून जागा धरून ठेवा. पुढे आलेला व्हिट्रिअस ओढू नका, तो कापून काढा. भिंग कोठे बसते ते पाहा, बसत नसेल तर आज बसवू नका. गाभ्याचा तुकडा मागे पडला असेल तर त्याच्या मागे लागू नका, दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे पाठवा. हे सर्व मला पाठ होते. तरीही मी तीन-चार मिनिटे शोषत राहिलो. शेवटी वरिष्ठांचेच लक्ष गेले. त्यांनी मला उठवले व उरलेले काम सावरले. त्या दिवशी भिंग बसवता आले नाही.

खालांना मी काय सांगितले? "ऑपरेशन झालं. जाड चष्मा लागेल." एवढेच. पापुद्रा फाटला हे सांगितले नाही. चष्म्याने त्यांना बरे दिसू लागले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चार महिन्यांनी त्या नातीचा हात धरून आल्या. डोळ्यापुढे आधी विजा चमकत होत्या, मग एका बाजूने काळा पडदा सरकत आला. तीन आठवडे त्या घरीच थांबल्या होत्या. दृष्टिपटल सुटले होते. मोठ्या शहरात पाठवून शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. त्या डोळ्याने पुढे त्यांना जेमतेम उजेड-अंधार कळत असे.

तेव्हा मी त्यांना सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर वीज चमकली त्या दिवशीच मी आले असते. मला वाटलं, ऑपरेशन झाल्यावर असंच होत असेल."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. पापुद्रा फाटणे ही चूक होती, पण ती चूक नामांकित डॉक्टरांच्या हातूनही कधीमधी होते आणि वेळीच सावरली तर बहुतेक डोळे चांगले राहतात. खालांचा डोळा पापुद्रा फाटल्यानेच गेला, असे मला म्हणता येत नाही. माझी तीन-चार मिनिटांची लाज आणि चार महिन्यांचे मौन यांनी तो गेला. त्यांनी दुसरा डोळा करून घेतला, पण माझ्याकडून नव्हे, माझ्या वरिष्ठांकडून. त्यांचे बरोबरच होते.

त्यानंतर मी दोन नियम केले. पहिला, अडचण आली की पहिल्या क्षणी हात थांबवायचा व तोंड उघडायचे. दुसरा, जे घडले ते रुग्णाला त्याच दिवशी, त्याच्या भाषेत, घरच्या माणसासमक्ष सांगायचे, आणि कोणती लक्षणे दिसली तर धावत यायचे तेही सांगायचे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हात कसा चालवायचा हे नंतर शिकवतो, हाक कशी मारायची हे आधी शिकवतो. माझ्या दवाखान्यात एक वही आहे. तीत प्रत्येक बिघाडाची नोंद होते आणि पहिली सही माझी असते. अब्बाही म्हणत, "कापड बिघडलं तर गिऱ्हाइकाला आधी सांग. तो दुसरीकडून ऐकेल त्या दिवशी तुझं दुकान बंद."

पालकांनी काय विचारावे?

तेव्हा मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या बंधूंना माझे उत्तर असे: शिकाऊ डॉक्टरची भीती बाळगू नका, पण प्रश्न विचारण्याचा हक्कही सोडू नका. ऑपरेशनपूर्वी नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. ऑपरेशन कोण करणार, आणि शिकणारा असेल तर शेजारी वरिष्ठ कोण असतील? हा डोळा साधा आहे की अवघड, आणि अवघड असेल तर का? आत काही बिघडले तर आम्हांला त्याच दिवशी सांगाल ना? नंतर काय दिसले वा दुखले तर लगेच यायचे? जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, त्याच्या हाती डोळा द्यायला हरकत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मीच देऊन ठेवतो. ऑपरेशननंतर दुखणे वाढले, डोळा लाल झाला, दिसणे कमी झाले, विजा चमकू लागल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा सरकल्यासारखे वाटले, तर रात्र असो वा सण असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "उद्या बघू" म्हणू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण डॉक्टर व्हाल. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., मग आणखी तीन वर्षे नेत्रशास्त्र, आणि त्यानंतर जन्मभर विद्यार्थी. सर्वांनाच डॉक्टर होता येईल असे नाही, आणि व्हायला हवे असेही नाही. भिंगाचा नंबर अचूक मोजणारे, डोळा तपासून चष्मा देणारे ऑप्टोमेट्रिस्ट, ऑपरेशनच्या खोलीत निर्जंतुकतेची राखण करणाऱ्या परिचारिका, यांच्यावाचून आमचे हात लुळे आहेत. भिंगाचे माप चुकले तर उत्तम ऑपरेशन फुकट जाते, आणि एक हत्यार नीट निर्जंतुक झाले नाही तर डोळाच जातो. मुलींनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा. बारीक कामातला त्यांचा धीर मी रोज पाहतो.

आणि जे कोणी काही वेगळेच होतील, शिक्षक, मिस्त्री, हिशेबनीस वा दुकानदार, त्यांच्यासाठीही खालांचे वाक्य तेवढेच खरे आहे. गणित चुकले तर खोडून टाकण्याआधी गुरुजींना दाखवा. पालकांनाही विनंती आहे, की मूल चूक कबूल करायला येईल त्या दिवशी त्याला मारू नका. कबुलीसाठी ज्याने मार खाल्ला, तो मोठेपणी लपवायला शिकतो. आणि त्याची किंमत तिसराच कोणीतरी देतो.

मागच्या वर्षी ज्यांनी मला प्रश्न विचारला, ते पालक आज येथे बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्या मातोश्रींना त्यांनी अवश्य घेऊन यावे. तपासणी मी करीन, ऑपरेशनच्या वेळी माझी एक विद्यार्थिनी माझ्या शेजारी असेल, आणि कोणती पायरी कोण करणार हे मी त्यांना आधीच सांगेन. त्या नको म्हणाल्या तर त्यांचा शब्द अखेरचा राहील.